एक नाव, अनेक जाती: बर्फकडेच्या मेरिडर्माचं प्रकरण

मे महिना संपत येतो तेव्हा आल्प्समध्ये दीड ते दोन हजार मीटर उंचीवर बर्फाचे शेवटचे पट्टे वितळत असतात. पट्ट्याच्या कडेला, नुकत्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर, मागच्या वर्षीचं गवत चपटं होऊन पडलेलं असतं. त्या गवतावर आणि बुटक्या झुडपांच्या काड्यांवर काळपट गोळ्यांचे दाट ताटवे उगवलेले दिसतात. हा एक स्लाइम मोल्ड. गोळा मोहरीहून लहान, खाली बारीक काळा देठ, देठासकट उंची दोन-तीन मिलिमीटर. वरचं आवरण तपकिरी-रुपेरी असतं. ते तडकलं की आतून काळी भुकटी बाहेर पडते. शंभर वर्षं अशा नमुन्यांच्या डबीवर बहुतेक वेळा एकच नाव लिहिलं गेलं: लॅम्प्रोडर्मा अॅट्रोस्पोरम. या एका नावाखाली किती जाती दडल्या आहेत, ते कसं कळलं आणि कळल्यावरही प्रत्येकीला नाव देणं का सोपं नाही, हे या प्रकरणात पाहू.

स्लाइम मोल्ड म्हणजे बुरशी नव्हे. तो अमीबांच्या गटातला जीव आहे. बीजाणूतून एकपेशीय अमीबा निघतो आणि मातीतले जिवाणू खाऊन विभागत राहतो. योग्य जोडीदाराशी संयोग झाला की त्यातून बहुकेंद्रकी प्लाझ्मोडियम (एकाच पेशीचा चिकट पसारा) तयार होतं, आणि प्लाझ्मोडियमचं रूपांतर बीजाणुकोशांत होतं. हेच ते देठावरचे गोळे. बर्फकडेच्या जातींचे अमीबा हिवाळाभर बर्फाखाली, शून्य अंशाच्या आसपासच्या स्थिर तापमानात वाढतात. त्यासाठी निदान दोन-तीन महिने न तुटणारं बर्फाचं पांघरूण लागतं. कॉकेशसमधल्या तेबेर्दा अभयारण्यात सलग चार वर्षं तापमाननोंदणी यंत्रं जमिनीत ठेवून निरीक्षणं झाली. एकाच उतारावर एका वर्षी ताटवेच्या ताटवे मिळतात आणि दुसऱ्या वर्षी जवळपास काहीच मिळत नाही, याचं कारण त्या नोंदींत सापडलं. बर्फ पडण्याआधीच कडक गोठण झाली, तर उघड्या जमिनीतले अमीबा मरतात. म्हणून एका मोसमात काही मिळालं नाही, एवढ्यावरून ती जाती त्या डोंगरात नाही असं लिहू नये.

या गटाचा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातला शाळामास्तर शार्ल मेलाँ. लॅम्प्रोडर्मा अॅट्रोस्पोरम हे नाव त्याने १९१० मध्ये दिलं. त्याचे मूळ नमुने लोझानच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात आहेत. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या डोनाल्ड कोवाल्स्की यांनी मेलाँने वर्णन केलेल्या सगळ्या स्लाइम मोल्डांचा फेरआढावा छापला. मधल्या काळात या नावाला उपप्रकारांची शेपटं लागत गेली: कुणाचे बीजाणू काटेरी, कुणाचे जाळीदार, कुणाचा देठ आखूड. शिवाय स्वीडिश अभ्यासक फ्रीजने १८२९ मध्ये स्टेमोनायटिस क्रिब्रारियॉइडीस नावाने वर्णन केलेला जीव हाच, असं मानणारेही होते. तसं असेल तर जुनं नाव चालतं आणि मेलाँचं नाव त्यात विलीन होतं.

२०११ मध्ये फ्रेंच आल्प्सच्या सावोआ भागातल्या मारियान मेयर आणि मिशेल पुलाँ यांनी हा गट लॅम्प्रोडर्मातून बाहेर काढून मेरिडर्मा ही नवी प्रजाती (अनेक जातींना एकत्र धरणारी वरची पातळी) उभी केली. त्यामागचं लक्षण साध्या भिंगातूनही दिसतं. खऱ्या लॅम्प्रोडर्मात आवरण तडकलं की तुकडे गळून पडतात आणि आतलं तंतुजाल उघडं राहतं. मेरिडर्मात आवरणाचे छोटे छोटे पापुद्रे तंतूंच्या टोकांना चिकटून राहतात, आणि तंतूंची ती टोकं नरसाळ्यासारखी रुंदावलेली असतात. एवढ्यावरून प्रजाती ठरते. जातीचा प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो.

नमुना गोळा करतानाच अर्धा निकाल लागतो

नव्या जातीचा दावा कोसळतो तो बहुतेकदा प्रयोगशाळेत नव्हे, डोंगरावर. पहिली अडचण अर्धकच्च्या नमुन्यांची. प्लाझ्मोडियमचं बीजाणुकोशात रूपांतर व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्याच रात्री पारा शून्याखाली गेला तर विकास अर्धवट राहतो. अशा कोशातले बीजाणू लहान-मोठे असतात, काही एकमेकांना चिकटलेले, काही दुप्पट आकाराचे. आवरण तंतुजालापासून नीट सुटत नाही. नक्षीही पुसट येते. हा सगळा थंडीचा परिणाम असतो. नवशिक्याला मात्र त्यात नवी जाती दिसते. नियम असा ठेवावा की एका काचपट्टीवरच्या बीजाणूंच्या व्यासात मोठी तफावत दिसली, तर तो नमुना वर्णनाच्या कामातून बाद. डबी फेकू मात्र नये. आढळाची नोंद म्हणून ती उपयोगी पडते.

दुसरी अडचण मिश्र वसाहतींची. बर्फाची कड ही अरुंद आणि गर्दीची जागा आहे. हातभर गवतावर मेरिडर्मा, लॅम्प्रोडर्मा आणि डिडर्मा शेजारी-शेजारी उगवतात. कधी मेरिडर्माचेच दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. एक डबी म्हणजे एक जीव, असं गृहीत धरलं की पुढे बीजाणूंची मापं आणि जनुकक्रम वेगवेगळ्या जीवांचे निघू शकतात. म्हणून एका सलग ताटव्याला एक क्रमांक द्यावा. दोन ताटव्यांमध्ये थोडं जरी रिकामं अंतर असलं, तरी डब्या वेगळ्या.

प्रत्यक्ष कृती अशी. कडेपासूनची पहिली काही मीटरची पट्टी गुडघ्यावर बसून, दहा पट भिंग घेऊन तपासायची. गवताची काडी बीजाणुकोशांसकट कात्रीने कापायची. चिमट्याने कोश उपटले की देठाचं बूड आणि त्याखालची पातळ पायाची चकती मागे राहते, आणि तीही वर्णनात लागते. काडी काडेपेटीएवढ्या पुठ्ठ्याच्या डबीत तळाला डिंकाने चिकटवायची. सैल ठेवली तर घरी पोचेपर्यंत डबीत नुसती काळी भुकटी उरते. डिंक पांढरा, पाण्यात विरघळणारा चालतो, पण थेंबभरच, आणि तो वाळेपर्यंत झाकण उघडं हवं. ओल कोंडली की दोन दिवसांत खरी बुरशी चढते. प्लास्टिकची डबी याच कारणासाठी नको.

डबीवर लिहायचं ते तिथेच, पेन्सिलीने: अक्षांश-रेखांश, उंची, उताराची दिशा, कोणत्या वनस्पतीच्या कशावर, बर्फाच्या कडेपासून किती अंतरावर, प्लाझ्मोडियम दिसलं असल्यास त्याचा रंग, शेजारी कोण होतं. प्लाझ्मोडियमचा रंग वाळलेल्या नमुन्यात कधीच परत मिळत नाही, आणि नेमका तोच रकाना बहुतेक डब्यांवर कोरा असतो.

घरी आल्यावर नमुना हवेशीर जागी पूर्ण वाळवायचा. मग घट्ट पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवायचा. बीजाणू खाणारे बारीक भुंगेरे आणि माइट डबीतून सोबत येतात, ते यात मरतात. क्रम उलटा करू नये. ओला नमुना गोठवला की आवरण फाटतं आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ते लक्षण म्हणून मोजलं जातं.

सूक्ष्मदर्शकाखाली

मेरिडर्मात जाती ठरवताना सगळ्यात जास्त भार बीजाणूंवर पडतो. ते गडद असतात, साधारण ११ ते १६ मायक्रोमीटर व्यासाचे. पृष्ठभागावर चामखिळीसारखे उंचवटे, सरळ काटे किंवा एकमेकांना जोडून जाळी करणारे कंगोरे असतात. या तिन्हींच्या मधल्या पायऱ्याही सापडतात, आणि घोळ तिथेच आहे.

काचपट्टी करताना कोरडा कोश थेट पाण्यात टाकला तर हवेचे बुडबुडे अडकतात. आधी अल्कोहोलचा एक थेंब, तो उडत असतानाच तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि मग माउंटिंग द्रव. कायमस्वरूपी पट्टीसाठी होयरचा द्रव चालतो. इथे एक सावधगिरी: क्षारात, म्हणजे त्या हायड्रॉक्साइडमध्ये, बीजाणू फुगतात. एका नमुन्याची मापं क्षारात आणि दुसऱ्याची होयरमध्ये घेतली तर फरक जातीचा नसून द्रवाचा असेल. सगळी मालिका एकाच द्रवात मोजायची आणि तो द्रव कोणता, ते लिहायचं. चुना असलेल्या प्रजातींत, म्हणजे डिडर्मा किंवा फायझारममध्ये, आम्लयुक्त द्रव चुन्याचे कण विरघळवून मुख्य लक्षणच घालवतो. मेरिडर्मात चुना नसल्यामुळे ती भीती नाही.

मोजणी हजार पट मोठेपणावर, तेलभिंगाखाली करावी. प्रत्येक नमुन्याचे निदान २५ बीजाणू, शक्यतो ५०, आणि तेही किमान तीन वेगवेगळ्या कोशांतून. व्यास काट्यांसकट घेतला की काटे वगळून, हे स्पष्ट हवं. काटा एक मायक्रोमीटरचा असेल, तर तोच बीजाणू एकाच्या वहीत १२ आणि दुसऱ्याच्या वहीत १४ होतो. जुन्या वर्णनांत हे बहुधा लिहिलेलंच नसतं. जुन्या छापील आकड्यांशी तुलना करून जाती वेगळी काढणारे लेख म्हणूनच संशयाने वाचावेत.

काटे आणि कंगोरे यांतला फरक प्रकाशसूक्ष्मदर्शकात फसवा असतो. ओळीने उभे असलेले काटे थोडं फोकस हलवलं की कंगोऱ्यासारखे दिसतात. इथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच. साध्या हवेत वाळलेले बीजाणू निर्वातात अनेकदा एका बाजूने खचतात. नक्षी पाहायला ते चालतात, व्यास मोजायला नाही. छायाचित्र एकाच बीजाणूचं देऊ नये. निवडून काढलेला देखणा बीजाणू हा या क्षेत्रातला जुना रोग आहे.

तंतुजाल पाहण्यासाठी बीजाणू फुंकून किंवा अल्कोहोलमध्ये हलवून काढून टाकायचे. तंतू मध्यस्तंभाच्या (देठाच्या कोशात शिरलेल्या भागाच्या) टोकाकडूनच निघतात की सगळ्या लांबीवरून, टोकाशी पापुद्रा किती रुंद, तंतूंचा रंग बुडाशी आणि टोकाशी एकच का, हे नोंदवायचं. कोशाचा आकार, देठाची लांबी आणि ताटव्याची दाटी ही लक्षणं मात्र हवामानावर फार हलतात. एका कोरड्या, वाऱ्याच्या दिवसात पिकलेला ताटवा आखूड देठांचा निघतो.

जनुकांची साक्ष

इथवर येऊन हातात काय असतं? नक्षीवरून पाडलेले काही ढीग आणि ढिगांच्या मधोमध पडलेले नमुने. हे मधले नमुने म्हणजे एकाच जातीतला चढउतार, की दोन जातींचा संकर, की तिसरीच जाती, ते आकारावरून सांगता येत नाही. हा पेच सोडवायचा प्रयत्न जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात मार्टिन श्निटलर यांच्या गटाने केला. मेरिडर्माच्या याच संचावरचा त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या पाच पर्वतरांगांतले नमुने त्यात होते. प्रत्येकाचे दोन जनुकभाग वाचले गेले: रायबोझोमच्या लहान उपघटकाचं जनुक आणि प्रथिनबांधणीतल्या इलाँगेशन फॅक्टर वन-अल्फाचं जनुक.

दोनच का, आणि हेच का? स्लाइम मोल्डात रायबोझोमचं जनुक गुणसूत्रांबाहेरच्या स्वतंत्र रेणूंवर, असंख्य प्रतींत असतं. ते सहज वाढवता येतं, आणि एका जीवात सहसा त्याचं एकच रूप सापडतं. त्याच्या सुरुवातीच्या सुमारे ६०० अक्षरांत इंट्रॉन (जनुकाच्या मध्ये घुसलेले, नंतर कापून टाकले जाणारे तुकडे) सहसा नसतात, म्हणून बारकोडसाठी, म्हणजे जनुकक्रमावरून ओळख पटवायला, हाच तुकडा वापरतात. गडद बीजाणूंच्या गटासाठी ‘एस १’ आणि ‘एसयू १९ आर’ ही प्रायमरजोडी (हवा तो तुकडा पकडून वाढवणारे डीएनएचे दोन छोटे धागे) रुळलेली आहे. दुसरं जनुक गुणसूत्रावर बसतं आणि आई-बापाकडून एकेक प्रत येते. म्हणजे एकाच जीवाच्या दोन स्वतंत्र साक्षी.

युक्तिवादाचा कणा असा. दोन रायबोझोम-गट, म्हणजे रायबोझोमच्या जनुकावरून वेगळे पडलेले गट, एकाच डोंगरात, एकाच मोसमात शेजारी राहतात. त्यांच्यात संकर होत असेल, तर दुसऱ्या जनुकात एका गटाची एक प्रत आणि दुसऱ्या गटाची एक प्रत अशी मिश्र जोडी कुठेतरी सापडायला हवी. मिश्र जोड्या गटाच्या आत भरपूर सापडतात, गटांच्या आरपार सापडत नाहीत. आतल्या जोड्यांवरून हे जीव लैंगिक प्रजनन करतात हे कळतं. आरपार जोड्या नसण्यावरून प्रजननाची भिंत कळते. नुसते क्लोन असते, तर आतलं मिश्रणही दिसलं नसतं.

तिसरी साक्ष इंट्रॉनची. रायबोझोमच्या जनुकात पुढे ठरावीक जागी पहिल्या वर्गाचा इंट्रॉन घुसलेला असू शकतो, आणि त्याच्या पोटात स्वतःची प्रत पसरवणारं एन्झाइमचं जनुक. लैंगिक प्रजनन करणाऱ्या समूहात असा इंट्रॉन सगळ्यांत पसरतो. पसरायला जागा उरली नाही की एन्झाइमचं जनुक निकामी होतं, आणि पुढे इंट्रॉनच गळून पडतो. या तीन अवस्थांपैकी एका समूहात सगळीकडे एकच, शेजारच्या समूहात दुसरीच असेल, तर दोघांत देवाणघेवाण नाही याला दुजोरा मिळतो. मेरिडर्मात अशा अनेक लैंगिक जैवजाती (फक्त आपापसात प्रजनन करणारे गट) शेजारी-शेजारी नांदतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

हे काम करताना ठेच कुठे लागते ते सांगायला हवं. डीएनएसाठी मिश्र ढिगातून चिमूटभर भुकटी घेऊ नये. एका ताटव्यातले मोजके कोश भिंगाखाली वेचावेत, आणि त्यांच्याच शेजारचे कोश मोजणीसाठी राखावेत. बीजाणूंची भिंत जाड असते. धातूच्या किंवा काचेच्या मण्यांसह नळी अतिथंड करून गिरणीत हलवली नाही तर डीएनए निघतच नाही. पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) मिळालेला तुकडा अपेक्षेपेक्षा काहीशे अक्षरांनी लांब आला, तर तो मिसळ म्हणून टाकू नये. तो इंट्रॉन असू शकतो आणि पुरावा तोच आहे. जनुकक्रम वाचनाच्या आलेखात दुहेरी शिखरं दिसली तर आधी रायबोझोमचा क्रम पाहावा. तिथे शिखरं स्वच्छ आणि फक्त दुसऱ्या जनुकात दुहेरी असतील तर मिश्र जोडी खरी; दोन्हीकडे दुहेरी असतील तर डबीत दोन जीव आहेत. ही एक तपासणी वगळली, तर मिश्र वसाहत संकर म्हणून छापली जाते आणि सगळा युक्तिवाद उलटतो.

साम्याच्या टक्केवारीवरून जाती पाडण्याची घाईही टाळावी. मातीतल्या डीएनएच्या सर्वेक्षणांत ९९ टक्क्यांच्या आसपासचा उंबरठा धरतात. मोजदादीसाठी तो ठीक आहे. वर्णनाला तो आधार होत नाही.

नाव देण्याआधी

जैवजाती सापडली म्हणजे नाव मिळालं असं नाही. स्लाइम मोल्डांची नावं शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय संहितेखाली चालतात. आज वैध नावासाठी लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन किंवा निदान लागतं. २०१२ च्या आधी लॅटिनच लागायचं. एकच होलोटाइप (नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना) आणि तो ठेवलेल्या हर्बेरियमचं नाव द्यावं लागतं. २०१३ पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांकही मूळ लेखातच छापावा लागतो. लेखकाने स्वतःच ‘तात्पुरतं’ म्हणून दिलेलं नाव वैध धरलं जात नाही, तरी अशी नावं याद्यांत वर्षानुवर्षं फिरत राहतात.

मेरिडर्माची खरी अडचण यापेक्षा मागची आहे. नव्या गटांना नावं देण्याआधी मेलाँचं १९१० चं नाव यांपैकी कोणत्या गटाचं, ते ठरवावं लागतं. त्याचे नमुने शंभर वर्षांहून जुने, थोडेसे, आणि डीएनए तुटलेला. हर्बेरियम कोश खर्च करू देईलच असं नाही. मार्ग एकच उरतो: मूळ नमुन्यातले दोन-चार बीजाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहायचे, जुरामधल्या त्याच भागातून त्याच मोसमात ताजे नमुने आणायचे, आणि नक्षी जुळणाऱ्या, जनुकक्रम वाचलेल्या एका नमुन्याला एपिटाइप, म्हणजे अपुऱ्या मूळ नमुन्याचा पूरक नमुना, म्हणून जोडायचं. हे न करता सगळ्या गटांना नवी नावं दिली, तर त्यातलं एक नाव जन्मतःच त्याच जातीचं दुसरं, निरुपयोगी नाव असण्याची शक्यता असते. या गटात नावं कमी देणं हेच सध्या शहाणपणाचं आहे, असं आमचं मत. दक्षिण अँडीजमधल्या डिडिमियम स्यूडोनिव्हिकोला या बर्फकडेच्या दुसऱ्या स्लाइम मोल्डचं तसं नव्हतं. तिथे भरपूर नमुने तपासून आकारलक्षणं आणि जनुकं दोन्ही एकाच बाजूला पडली, आणि नाव देणं योग्य ठरलं.

नक्षीत फरक नसलेल्या पण जनुकांनी वेगळ्या गटांचं काय? त्यांना गटाचा सांकेतिक क्रमांक द्यावा, जनुकक्रम सार्वजनिक पेढीत जमा करावा, आणि डबीवर ‘मेरिडर्मा अॅट्रोस्पोरम समूह’ असं लिहावं. पुढच्या माणसाला त्या डबीपर्यंत परत जाता आलं की पुरे.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही, त्यामुळे हा गट तिथे शोधण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ओल्या लाकडावर दिसणारे स्लाइम मोल्ड वेगळे. हिमालयात मे-जूनमध्ये ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या पायाखालून मात्र नेमकी हीच बर्फाची कड जात असते. फोटो आणि नोंदी कुणीही घ्याव्यात. नमुना उचलायला राज्याच्या वनखात्याची परवानगी लागते. संशोधनासाठी तो परदेशी पाठवायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. मान्यताप्राप्त सहकार्य प्रकल्पांना वेगळी वाट आहे. नवी जाती सापडल्यास ती अधिकृत भांडाराला कळवून तिचा नमुना तिथे जमा करण्याचं बंधनही याच कायद्याच्या ३९ व्या कलमात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक हर्बेरियम आहे. होलोटाइप कुठे ठेवायचा, आपल्या गटासाठी अधिकृत भांडार कोणतं आणि ते डबीतला नमुना कोणत्या स्वरूपात घेतं, हे लेख पाठवण्याआधी विचारून घ्यावं, कारण हर्बेरियमचा क्रमांक आल्याशिवाय होलोटाइपची ओळ पूर्ण होत नाही.